मानेत मुरलेलं मंगळसूत्र

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका गेली तीन वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत. "यमुनाक्का, तुमच्या कलाप्रवासाबद्दल लिहा." प्रवास म्हणाल तर तो यशवंतपूरच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून निघून मल्लेश्वरमच्या एका जिन्याखालच्या खोलीपर्यंत झाला. सिग्नल धरून अर्धा तास. कला म्हणाल, तर त्याबद्दल ज्यांच्या अंगावर मी काम केलं त्यांना विचारा. मी आपली लोकांच्या कातडीबद्दल लिहिते, कारण तीसेक वर्षं मी तेवढंच जवळून पाहिलं आहे.

आमचं घराणं बेंगळूरला येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली असं वडील सांगत. आल्यावर आमच्या पूर्वजांनी काय पराक्रम केला ते ठाऊक नाही; वडील मात्र स्टीलच्या भांड्यांवर नावं घालत. लग्नात आहेर म्हणून द्यायच्या डब्यावर, कळशीवर, तांब्यावर "अमक्याकडून तमक्यास सप्रेम" असं बारीक थरथरत्या मशीनने कोरायचं. लग्नाआधी मीही त्यांच्या शेजारी बसून तेच केलं. मराठी, कन्नड, तमिळ, जे सांगाल त्या लिपीत. पुढे टॅटूचं मशीन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याची थरथर ओळखीची वाटली. फरक एवढाच, की डबा कधी खाजवत नाही, आणि कोरून झाल्यावर तीन आठवड्यांनी परत येऊन "अक्का, हे बघा काय झालं" असं म्हणत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोंदणं म्हणजे सुई आणि शाई. खरं म्हणजे त्यात तिसरं गिऱ्हाइकाचं अंगही असतं, आणि ते कुणाचं ऐकत नाही. सुई पोलादाची असते. त्या पोलादात निकेल नावाचा धातू असतो, ज्याच्याशी पुष्कळ लोकांचं जमत नाही. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ उठतं, चष्म्याच्या दांडीने कानामागे खाज सुटते, तो बहुतेक वेळा हाच गृहस्थ. सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते, म्हणून निकेल न सोसणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना सुईचा त्रास होत नाही. शाईचं तसं नाही. ती आत जाते आणि जन्मभर तिथेच बिऱ्हाड करते. रंगीत शाईत कुठला धातू कणभर मिसळलेला आहे ते बाटलीवर लिहिलेलं असतंच असं नाही. काळी त्यातल्या त्यात शहाणी, पण तिचीही हमी मी देत नाही. आणि सगळा दोष धातूचाही नसतो. कुणाला माझे हातमोजे सोसत नाहीत, कुणाला साबण, कुणाला वरून लावायची चिकटपट्टी. एका बाईंना काहीच झालं नव्हतं. घरी गेल्यावर त्यांच्या आईने त्यावर हळद, कापूर आणि लिंबू लावलं, मग व्हायचं ते झालं.

म्हणून मी आधी फॉर्म भरून घेते. कसली अलर्जी आहे का, औषधं चालू आहेत का, त्वचेचा काही आजार? फॉर्म भरताना माणूस जितकं खोटं बोलतो तितकं लग्नाच्या बायोडाट्यातही बोलत नसेल. सगळीकडे "नाही, नाही, नाही." त्याला भीती असते की खरं लिहिलं तर ही बाई परत पाठवेल. भीती अगदी बरोबर आहे. मी पाठवतेच.

तेव्हा मी दुसरी युक्ती काढली. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात पत्र्याच्या भागांना निकेलचा मुलामा द्यायचं काम करणारा परशराम नावाचा एक गडी निपाणीकडचा. त्याला दंडावर हिरवा-पिवळा-तांबडा वाघ हवा होता. फॉर्मवर नाहींची रांग.

मी म्हटलं, "परशराम, शर्ट स्वल्प वर करा."

"वाघ दंडावर काढायचाय वो अक्का."

"कळलं. तरी करा."

लाजत लाजत त्याने शर्ट वर केला. बेंबीच्या खाली, पँटचं बटण टेकतं तिथे, रुपयाएवढा काळपट खरखरीत डाग.

"हे काय?"

"ते व्हय? ते काय अलर्जी न्हाई. ते पँटचं हाय."

"आणि पँट कुणाची?"

यावर तो पँटचं बटण चाचपू लागला; त्यातही निकेलच होतं. मी त्याला वाघाऐवजी त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. त्याचे हात कितीतरी वर्षं भेगाळलेले होते आणि तो ते थंडीवर ढकलत होता. ते रोजच्या निकेलच्या पाण्यामुळे होतं हे त्याला तिथे कळलं. त्याने कारखान्यात ती चिठ्ठी दाखवली आणि पॅकिंगला बदली करून घेतली. वर्षाने वाघ काढला, नुसत्या काळ्या रंगात. परशरामचं म्हणणं आहे की तो वाघ थोडा मांजरासारखा झालाय. असेल. तेव्हापासून मी फॉर्मवर विसंबत नाही, आधी बेंबी बघते. फॉर्म खोटं बोलतो, बेंबी बोलत नाही.

हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असा समज करून घेऊ नका. ते एका बाईच्या कपाळावर शिकले आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. तिला इथे शैलजा म्हणू. बँकेत होती. टिकलीच्या गोंदाने तिच्या कपाळावर पुरळ यायचं, कुंकू लावलं तर घामाने ओघळून कामाच्या कागदांवर पडायचं. ती म्हणाली, "कायमचंच करून टाका, लाल, छोटंसं." मी म्हटलं आधी कानामागे एक ठिपका देऊन बघू, सहा आठवडे थांबू. ती म्हणाली, बदली झाली आहे, चार दिवसांत निघायचंय. मला तेव्हा माझ्या हाताचा फार अभिमान होता. आणि मला वाटत होतं की त्रास गोंदाचा आहे, शाईचा काय संबंध? मी सुंदर गोल लाल कुंकू गोंदलं. तिने आरशात पाहून माझा हात हातात घेतला.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. कुंकू सुजून डाळिंबाच्या दाण्याएवढं वर आलं होतं. लाल रंगाची ही खोड आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत होती. मीही ऐकून होते, पण ते दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांचं, असं मी धरून चालले होते. तिला कितीतरी महिने डॉक्टरांकडे खेपा घालाव्या लागल्या. सूज गेली, रंग गेला, आणि तिथे एक फिकट चट्टा राहिला. शैलजा चांगली बाई. अजून भेटते तेव्हा हसून म्हणते, "यमुनाक्का, कुंकू मागितलं तर चुन्याचा ठिपका दिलात." ती हसते. मला ते हसू अजून जमलेलं नाही. त्यानंतर मी लाल बाटली उघडली नाही आणि कुणाच्या घाईसाठी सहा आठवड्यांचे पाच केले नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येते. नावं बदलली आहेत. ज्यांची गोष्ट आहे त्यांनीच "लिहा" म्हणून सांगितलं आहे.

एका शनिवारी दुपारी एक मुलगी आली. पुण्याची, इथे व्हाइटफील्डला नोकरीला, नाव ऋजुता. हातातल्या घड्याळाला कापडी पट्टा, चष्मा प्लॅस्टिकचा, कान मोकळे. मी मनात म्हटलं, आलं आपलं गिऱ्हाईक. तिने फॉर्म भरला आणि तो मात्र पानभर खरा भरला होता. वर डॉक्टरांचा कागद जोडलेला. पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केलेली, निकेलपुढे तीन अधिक चिन्हं. इतका प्रामाणिक फॉर्म बघून मला जरा संशयच आला.

"मॅम, मला हे करायचंय," असं म्हणून तिने फोनवरचं चित्र दाखवलं. गळ्याभोवती बारीक काळ्या ठिपक्यांची दुहेरी माळ आणि खाली छातीवर दोन वाट्या. मंगळसूत्रच, पण गोंदलेलं.

"मॅम नको, अक्का म्हण. लग्न कधी?"

"पाच आठवड्यांनी."

"मग आत्ता घरी जा, आणि लग्न झाल्यावर ये."

"नाही ना अक्का, लग्नाच्या आधीच हवंय. तोच तर पॉइंट आहे."

मग तिने सांगितलं ते असं. तिचा होणारा नवरा किरण आमच्यासारख्याच जुन्या बेंगळूरकर मराठी घरातला. त्या घरात एक मंगळसूत्र आहे, सासूने थोरल्या सुनेला द्यायचं. आणि त्या मंगळसूत्राबद्दल त्या घरात एक समजूत आहे. ते घातलं की वर्षभरात सुनेच्या मानेवर काळा पट्टा उमटतो. आधी खाज येते, कधी पाणी सुटतं, मग कातडी जाड होते आणि काळी पडते. त्याला ते लोक म्हणतात "मुरलं". मानेत मुरलं की संसार मुरतो. पट्टा जितका काळा तितकी सून घरात रुळलेली.

"साखरपुड्याला फोटोसाठी किरणच्या आईंनी ते मला दहा मिनिटं घातलं," ऋजुता म्हणाली. "त्याच संध्याकाळी माझी मान लाल झाली. मी घाबरले. आणि आई इतक्या खूष झाल्या, अक्का! सगळ्यांना बोलावून दाखवलं, 'बघा, हिला लगेच मुरायला लागलं.'"

मला हसू आवरेना. तिलाही हसू आलं, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी त्यांना अलर्जीचं सांगितलं. रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं गं, मलाही झालं, सोसायचं स्वल्प. किरण म्हणतो, आईला दुखवू नको, मी बघतो. तो काहीच बघत नाहीये. आता मी घातलं तर रोज औषध लावून झोपायचं, जन्मभर. आणि नाही घातलं तर पहिल्या दिवसापासून मी त्या घराला नको असलेली सून. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये अक्का, मला त्या आवडतात. म्हणून म्हटलं गोंदूनच घेते. मग ते गळ्यात आहे असं कुणालाही सांगता येईल."

पोरीची अक्कल बघा. भांडण नको म्हणून गळा टोचून घ्यायला निघाली होती. मी तिला नाही म्हटलं. पाच आठवड्यांत माझी चाचणीसुद्धा पुरी होत नाही, आणि शैलजाचं कपाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दंडाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईचा एक ठिपका तेवढा दिला, बघू काय म्हणतो म्हणून. ती उठली तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "नक्षी फोटोवरून नीट कळत नाही. तुझ्या सासूबाईंना म्हणावं, एकदा मंगळसूत्र घेऊन या. मला माप घ्यायचंय."

माप-बीप काही नव्हतं. वडील म्हणत, भांडं हातात घेतल्याशिवाय ते पितळेचं की सोन्याचं ते सांगू नये. मला ते हातात घ्यायचं होतं.

बुधवारी सासूबाई आल्या, ऋजुताला घेऊन. पद्माक्का. माझ्याच वयाच्या, साठीला टेकलेल्या, पदर मानेभोवतून घट्ट ओढलेला, हातात तळलेल्या कोडबळ्यांचा डबा. माझ्या खोलीतल्या भिंतीवरचे वाघ, कवट्या आणि गुलाब त्यांनी एकेक करून बघितले आणि शेवटी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"आमच्या घराण्यात कोण पण गोंदून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ही पोर म्हणती, मंगळसूत्राची नक्षीच अंगावर काढून घेतो. मी म्हटलं, सरी, चालेल. प्रेमच आहे की ते. गळ्यात घालायचं ते घालायचंच, वर हे पण असू दे."

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. तिचा तिसरा रस्ता सासूबाईंनी पहिल्या रस्त्याला नेऊन जोडला होता.

मी म्हटलं, "पद्माक्का, मुरलेलं कसं दिसतं ते दाखवा ना. मी फक्त ऐकलंय."

त्यांनी मोठ्या अभिमानाने पदर सोडला. मी आजवर पुष्कळ माना पाहिल्या, पण तशी पाहिली नाही. बोटभर रुंद काळा पट्टा, मागून पुढून, जुन्या चपलेच्या कातड्यासारखा जाड, आणि एका बाजूला ताज्या खाजवल्याच्या रेघा.

"बघा की, कसं छान मुरलंय. अठ्ठावीस वर्षं झाली."

"खाजतं?"

"स्वल्प. रात्री झोपताना. उन्हाळ्यात जास्ती. त्याला काय, संसारात तेवढं चालतंच."

मी माप घेण्यासाठी मंगळसूत्र मागितलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते एकदाच, साखरपुड्याला, दहा मिनिटं काढलं होतं. त्या दिवशीसारखाच आधी पिशवीतून काळा दोरा काढून गळ्यात बांधला, मग मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मी ते हातात तोललं. दोन वाट्या, काळे मणी आणि साखळी. वाट्या जुन्या, घरंदाज, झिजलेल्या. साखळी त्यांच्या मानाने फारच चकचकीत.

माझ्याकडे एक औषध असतं. दोन बाटल्यांतला एकेक थेंब कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा आणि दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचा. निकेल सुटत असेल तर बोळा गुलाबी होतो, नसेल तर पांढराच राहतो. कानातली नवी घातलेल्या पोरी चिघळलेले कान घेऊन येतात, त्यांच्यासाठी ठेवलेलं. मी पद्माक्कांना ते समजावून सांगितलं आणि त्यांच्यासमोर आधी वाटी घासली. पांढरा. मग नवा बोळा घेऊन साखळी घासली.

बोळा चांगला जास्वंदीसारखा गुलाबी झाला.

"म्हणजे काय?" पद्माक्कांनी विचारलं.

"म्हणजे खाज यातून येते. निकेल आहे यात."

"सोन्यात निकेल असतंय काय?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला, कारण तिथून पुढे ती गोष्ट मान आणि खाज यांची राहत नव्हती. "सोन्यात नसतं, पद्माक्का. ही साखळी सोन्याची नाही. वरून सोन्याचं पाणी दिलंय, आणि बराच काळ घासून तेही गेलंय."

"तुमचं औषध खोटं आहे."

"असेल. तुमची बांगडी द्या."

बांगडी पांढरी. कानातली कुडी पांढरी. मग त्यांनी स्वतःच ऋजुताच्या स्कूटरची किल्ली मागून घेतली आणि तिची कडी माझ्यापुढे ठेवली. गुलाबी. त्या कडीकडे आणि साखळीकडे आळीपाळीने बघत राहिल्या. ऋजुता म्हणाली, "आई, मला माहीत नव्हतं. मला असं काही दाखवायचं नव्हतं." पद्माक्कांनी हाताने तिला थांबवलं.

मग त्या बोलल्या ते माझ्याशी नव्हे, साखळीशीच.

"मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची मान गोरीपान होती. हळदीकुंकवाला मीच त्यांच्या गळ्याला हळद लावली की. मग मामंजींना इस्पितळात ठेवलं. दीड महिना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मंगळसूत्राची कडी सैल झालीये, दुरुस्तीला दिलंय. तीन आठवडे गळ्यात दोराच होता. मामंजी बरे होऊन घरी आले, मंगळसूत्र पण आलं." त्यांनी साखळीवरून बोट फिरवलं. "त्यानंतरच त्यांच्या मानेला झालं. मी विचारलं, आत्याबाई, काय झालं हो? तर म्हणाल्या, मुरतंय. मानेत मुरलं की संसार मुरतो. त्याच्या आधी त्या घरात हे कोण पण म्हणत नव्हतं. मीच पहिल्यांदा ऐकलं."

त्या सासूने सोन्याची साखळी मोडून नवऱ्याला घरी आणलं होतं आणि मुलाम्याची घालून घरात वावरली होती. खाज सुटली तेव्हा खाजवायचीसुद्धा चोरी. कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून तिने एक वाक्य बनवलं, आणि ते इतकं छान बनलं की पुढची सून ते अठ्ठावीस वर्षं गळ्यात घालून फिरली.

"आणि मी त्यांना मनात किती बोलले," पद्माक्का म्हणाल्या. "मला द्यायला आठ वर्षं लावली त्यांनी. मला वाटायचं, जीव सुटत नाही म्हातारीचा दागिन्यावरनं. त्या देत नव्हत्या, कारण काय देतोय ते त्यांना ठाऊक होतं." मग त्या रडल्या. मी पाणी दिलं. ऋजुता उठून त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर जाऊन बसली.

रडून झाल्यावर पद्माक्कांनी नाक पुसलं आणि एकदम घरच्या आवाजात विचारलं, "ऋजुता, सुती दोरा तुला चालतो न गं?"

"चालतो, आई."

"सोनं?"

"चांगलं असेल तर चालतं."

"मग ह्या दोन वाट्या दोऱ्यात ओवू. मणी पण चालतात काय ते ह्या अक्काला घासून बघू दे. ते गोंदायचं राहू दे, गळ्यावर बरं दिसत नाही." मण्यांवर बोळा पांढराच राहिला. अशा रीतीने माझं एक मोठं काम, दुहेरी माळ, दोन वाट्या, किमान तीन बैठका, माझ्याच हाताने गेलं. त्याबद्दल मला कोडबळी मिळाली.

निघताना मात्र पद्माक्का दाराशी घुटमळल्या. पदर पुन्हा मानेभोवती ओढलेला, पण आता वेगळ्या कारणाने. हळूच म्हणाल्या, "यमुनाक्का, मग माझ्या ह्या पट्ट्याचं काय करायचं? इतके दिवस सगळ्यांना दाखवत फिरले. आता लाज वाटती. ह्याच्यावर एक वेल काढून झाकून टाका. किती पण दुखू दे."

मी म्हटलं, "चिडलेल्या कातडीवर मी सुई टेकवत नाही. आधी साखळी बंद करा, डॉक्टरांना दाखवा, ते देतील ते मलम लावा. कातडी शांत झाली की या, वेल काढू."

"किती दिवस?"

"वर्ष धरा."

"गिऱ्हाईक असं परत पाठवून तुम्ही धंदा तरी कसा करता?"

"करत नाहीच. विचारा कुणालाही."

लग्नाला मी गेले होते. ऋजुताच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या त्या दोन झिजलेल्या वाट्या होत्या. एका पाहुणीने विचारलं, "साखळी नाही काय?" तर पद्माक्का म्हणाल्या, "आमच्यात दोराच असतोय." इतक्या ठामपणे म्हणाल्या, की मला वाटलं, घ्या, झाली नवी रीत सुरू! निदान ही खाजणारी तरी नव्हती. ऋजुताच्या दंडावरचा ठिपका सहा आठवड्यांनी तपासला, तो अगदी शांत होता. तिने त्यापुढे काही काढून घेतलं नाही.

पद्माक्का वेलीसाठी आल्या त्या सव्वा वर्षाने. एकट्याच. मी त्यांची वेल विसरले नव्हते. जाईची, बारीक पानांची, नुसती काळी, अशी काढून ठेवली होती. त्यांच्या दंडावरचे चाचणीचे ठिपके मधे एका खेपेत देऊन झाले होते आणि तेही शांत होते. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी वेल पाहिली, "छान आहे की" म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या, या वेळी कडेला नाही. मी पदर बाजूला केला आणि दिवा वळवला.

पट्टा पूर्ण गेला नव्हता. फिकट चहाच्या रंगाची एक पुसट रेघ उरली होती, तीही लांबून कळली नसती. पण कातडी मऊ झाली होती. मी बोट फिरवलं तर कुठे अडखळलं नाही. खाजवल्याची एकही खूण नाही. "आता वेल बसेल," मी म्हटलं आणि सुया काढायला वळले.

"थांबा. आरसा आहे काय?"

गिऱ्हाइकाला मान मागून दिसावी म्हणून मी दोन आरसे ठेवते. एक मी मागे धरला, दुसरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वर केला, खाली केला, डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. दुसऱ्या हाताने केसांचा अंबाडा उचलून धरला आणि मानेवरून एकदा तळवा फिरवला. मला वाटलं वेल कुठून सुरू करायची ते बघताहेत, म्हणून मी तिथे पेनाने खूण करायला गेले.

त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे, यमुनाक्का," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माझी मान दिसायला लागलीये. लगेच झाकू कशाला?"